जळला फ्यूज, बदलला अख्खा मीटर

बारा हजार पाचशे रुपये मोजले, आणि जळलं होतं काय, तर ट्रकच्या पार्किंग दिव्यांच्या लाइनचा एक फ्यूज. घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही, "वायरिंगचं काम निघालं होतं" एवढंच बोललोय. इथे लिहितोय ते एवढ्यासाठीच की रात्रीच्या गाड्या अडवायला असे मिस्त्री प्रत्येक हायवेला बसलेत, आणि एकट्या गाडीचा मालक हे त्यांचं आवडतं गिऱ्हाईक.

सांगोल्याहून डाळिंब भरून वाशीला निघालो होतो. पुणे-सोलापूर रस्त्याला लागलो आणि स्टेअरिंगसमोरच्या मीटरमधले दिवे गेले. एक-दोन नाही, सगळे एकदम. हवेचं प्रेशर दिसेना, टेंपरेचरचा काटा दिसेना. तेवढंच असतं तर मोबाईलच्या उजेडात गाडी नेली असती. पण ढाब्यावर उतरून मागे बघतो तर पार्किंगचे दिवेही बंद. भरलेला ट्रक रात्री मागच्या दिव्यांशिवाय चालवणं म्हणजे एखाद्या मोटारसायकलवाल्याचा जीव घेणं. म्हणून थांबलो. ज्याला सांगावं तो म्हणतो, "सकाळी दाखवायची होती." सकाळी लिलाव असतो बाबा. लिलाव संपल्यावर पोचलेल्या मालाचं काय होतं ते शेतकऱ्याला विचार.

तिथल्या मिस्त्रीने केबिनमध्ये डोकं घातलं आणि म्हणाला, "शेठ, मीटर जळलाय. वास येतोय बघा." ट्रकच्या केबिनला कसला ना कसला वास असतोच, तो मलाही आला. पुढच्या पाच मिनिटांत त्याने स्क्रू काढले, मागचं सॉकेट ओढलं आणि अख्खा मीटर उचलून दुकानातल्या टेबलावर नेऊन ठेवला. मागच्या पट्टीवर एक काळा डाग दाखवला. नवीन मीटर १६,००० चा, पण त्याच्याकडे "एक चालू पीस" होता, जुना दिला तर ९,८०० ला. आत एलईडी बल्ब, "आयुष्यभर बघायला नको", आठ नग, दीडशेला एक, म्हणजे १,२००. मजुरी १,२००. आणि मागच्या पार्किंगचा "वेगळा फॉल्ट" ३५० रुपयांत. एकूण १२,५५०. वरचे पन्नास त्याने मोठ्या मनाने सोडले!

आता जी गोष्ट मला झोपू देत नाही ती सांगतो. मीटर टेबलावर पडलेला असताना तो परत गाडीत गेला, डॅशखाली हात घातला, आणि मागचे पार्किंगचे दिवे लागले. दोन मिनिटांत. माझ्या डोळ्यांदेखत. आमच्या गाडीत मीटरचे दिवे आणि पार्किंगचे दिवे एकाच स्विचवर, एकाच फ्यूजवर आहेत. म्हणजे मागचे दिवे लागले त्याच क्षणी मीटरचेही लागले असते, फक्त मीटर जागेवर हवा होता. तो जागेवर नव्हता, कारण त्याने आधी मीटर उचलला आणि मग फ्यूजला हात लावला. सगळी खेळी त्या क्रमात आहे. मी मागे उभा राहून "लागले, लागले" म्हणून ओरडत होतो. त्या वेळी डोक्यात लिलाव होता, पोटात काही नव्हतं, आणि समोरचा माणूस हातात टेस्टर घेऊन आत्मविश्वासाने बोलत होता. दुसऱ्या कुणी काय वेगळं केलं असतं ते मला दाखवाच.

सगळे बल्ब एकाच वेळी उडत नाहीत. एकदम अंधार झाला की फ्यूज, स्विच नाहीतर अर्थिंग. मीटरचा स्क्रू काढण्याआधी फ्यूज बॉक्सचं झाकण तुमच्या समोर उघडायला लावा, नाहीतर गाडी पुढे घ्या.

वाशीला माल उतरला आणि सेल्फने दम सोडला. दोन्ही बॅटऱ्या बसलेल्या. दुसऱ्या गाडीवरून जंप देऊन चालू करून घेतली, त्याचे ८०० गेले. गावी आमच्या नेहमीच्या वायरमनने मीटर उघडला तेव्हा कळलं. बऱ्याच जुन्या गाड्यांत चार्जिंगचा लाल दिवा नुसता शोभेचा नसतो, त्याच्यातूनच बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोला सुरुवातीचा करंट जातो. तिथे साधा चोवीस व्होल्टचा बल्ब लागतो. या महाशयांनी तिथेही एलईडी बसवला, तोही उलटा. उलटा एलईडी करंट सोडत नाही. म्हणजे डायनॅमो उठला नाही, आणि उठला नाही हे सांगणारा दिवाही लागला नाही. रात्रभर हेडलाइट बॅटरीवर चालले. वायरमनने पंधरा रुपयांचा बल्ब लावला, चार्जिंग सुरू. चावी फिरवली की चार्जिंगचा आणि ऑइलचा दिवा लागलाच पाहिजे, इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. कुणीही मीटरला हात लावला की पैसे देण्याआधी हे बघा.

फ्यूजचं तर विचारू नका. नवीन फ्यूज घातलाच नव्हता, जळलेल्यावर तांब्याची तार गुंडाळली होती. खरा शॉर्ट मागे बॉडीच्या पट्टीला घासलेल्या वायरमध्ये होता, तो तसाच. फ्यूज उडायचा तो आता उडणार नाही, वायर तापत राहणार. वायरचं कव्हर मऊ पडलेलं मी बोटाने बघितलं. केबिन पेटली असती.

आणि मीटर बदलला म्हणजे किलोमीटरही बदलले. गाडी चाललीय ३,९२,००० च्या वर, मीटर सांगतोय १,२७,०००. उद्या विकायला काढली की गिऱ्हाईक मलाच चोर म्हणणार. जुना मीटर कधीही सोडून येऊ नका. माझा चांगला मीटर त्याने आता दुसऱ्या कुणाला "चालू पीस" म्हणून लावला असेल.

पोलिसांकडे गेलो. आमच्या इथले म्हणाले, जिथे घडलं तिथे जा. तिथले म्हणाले, तुम्ही राजीखुशीने पैसे दिलेत, हा दिवाणी मामला. मी म्हटलं, खोटं सांगून पैसे काढले, न्याय संहितेतलं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे ना? साहेबांनी वर बघितलं आणि विचारलं, "तुम्ही वकील का?" नाही, ड्रायव्हर. मग पावती मागितली. पावतीवर फक्त "वायरिंग काम", ना दुकानाचं नाव ना शिक्का. पैसे स्कॅन करून गेले ते भलत्याच नावाने, म्हणून मला सायबरकडे जायला सांगितलं. सायबर! मिस्त्री माझ्यासमोर पाना घेऊन उभा होता, त्यात सायबर कुठून आलं? दुकानाच्या पाटीचं आणि स्कॅनरवरचं नाव जुळत नसेल तर पैसे सोडू नका. मीटरचा नंबर घातलेलं बिल मागा.

ग्राहक मार्गदर्शन करणाऱ्या एका बाईंनी तर कागदही न बघता सांगितलं, ट्रक व्यावसायिक आहे, तुम्ही ग्राहकच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पोटापाण्यासाठी स्वतःचा धंदा करणाऱ्याला सूट आहे, तो ग्राहकच धरला जातो. माझी एकच गाडी आहे आणि स्टेअरिंगवर मीच असतो. हे मी त्यांना सांगायचं? पगार कशाचा घेतात?

ग्राहक आयोगातल्या तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, पाच लाखांपर्यंतच्या मामल्याला फी नाही. अर्ज लिहून झालाय, तार गुंडाळलेल्या फ्यूजचा फोटो जोडलाय. वायरमन साक्ष द्यायला तयार आहे. ओळखीचे वकील म्हणतात, साडेबारा हजारांसाठी प्रत्येक तारखेला एक भाडं बुडेल. बुडू दे.