टाइप १ डायबेटीस बरा करतो म्हणणाऱ्याने आम्हाला कसं फसवलं

हे लिहायला मला बरेच महिने लागले, कारण फसवणारा तो होता तरी इन्सुलिनचं पेन बाजूला ठेवणारे हात माझे होते. पण ज्यांच्या घरी लहान लेकराला टाइप १ नुकताच निघालाय अशा एका जरी आईबापाने वाचलं तरी खूप झालं, म्हणून लिहिते.

लेक तेव्हा ५ वर्षांची. सारखी तहान, अंथरुणात शू होणं केव्हाच थांबलं होतं ते परत सुरू झालं, आणि फ्रॉक अंगावर ढगळ व्हायला लागले. तपासलं तर शुगर ४८०. त्यानंतरचे ६ दिवस हॉस्पिटल. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं की शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारून टाकते, हे गोड खाल्ल्याने होत नाही आणि पथ्याने जातही नाही, इन्सुलिन कायमचं. आम्ही मान डोलावली, घरी आलो, आणि पहिल्या रात्री इंजेक्शन देताना दोघांनी तिचे हातपाय धरून ठेवले. ती किंचाळत होती, "आई नको, मी शहाण्यासारखी वागेन". ते वाक्य डोक्यातून गेलं नाही आणि पुढे जे झालं ते त्या वाक्यातूनच झालं असं मला वाटतं.

तिसऱ्या आठवड्यापासून शुगर चांगली यायला लागली, मधेच लो व्हायची, डॉक्टर डोस कमी करत गेले, १२ युनिटवरून ५ वर. आम्ही हरखलो. नेमकं तेव्हाच एका ओळखीच्यांनी एक व्हिडिओ पाठवला, साधारण तेवढाच मुलगा, त्याची आई सांगतेय की आमचं इन्सुलिन जवळजवळ सुटलं. खाली त्या माणसाचा नंबर. मी रात्री मेसेज केला आणि १० मिनिटांत फोन आला.

बोलणं एकदम मायेचं, ताई ताई करून. स्वतःला डॉक्टर कधीच म्हणाला नाही, "सल्लागार" म्हणायचा. त्याने सगळ्यात आधी डोस किती होता आणि आता किती ते विचारलं. मी ५ म्हणताच म्हणाला, ताई हिच्या पेशी जाग्या होतायत, आत्ताच कोर्स सुरू केला तर मुळापासून जाईल, उशीर केला तर दार बंद. ६ महिन्यांचा कोर्स, पावडरचे पुडे, पैसे सगळे आधी. आम्ही साठवलेलं मोडलं.

आता त्यातली खरी मेख सांगते. टाइप १ मध्ये इन्सुलिन सुरू झाल्यावर उरल्यासुरल्या बीटा पेशींना जरा विसावा मिळतो आणि त्या काही आठवडे, काही महिने, एखाद्याला त्याहून जास्त काळ परत थोडं इन्सुलिन बनवतात. त्याला हनीमून फेज म्हणतात. तो संपतोच. डॉक्टरांनी हे आम्हाला सांगितलेलं होतं, फाइलमध्ये लिहिलेलंसुद्धा होतं, पण त्या ६ दिवसांत इतकं काही सांगितलं गेलं की हा शब्द कानावरून गेला. त्या माणसाला मात्र तो पक्का माहीत होता, म्हणूनच तो नुकतं निदान झालेली मुलं शोधायचा. जे आपोआप होणारच होतं ते त्याने स्वतःच्या पुड्यांच्या नावावर विकलं.

रोजचे आकडे त्याला पाठवायचे, तो सांगणार उद्या किती युनिट. ५ चे ३, मग जेवणाआधीची बंद, मग रात्रीचं लांब चालणारं तेवढं. डॉक्टरांना सांगू नका म्हणाला, ते घाबरवतात. पाचव्या आठवड्यात त्याने आमच्याकडूनही व्हिडिओ मागितला आणि आम्ही तो करून दिला, त्याबद्दल शेवटी लिहिते.

मग शुगर चढायला लागली. २५०, ३००. तो म्हणाला, शरीरातली घाण बाहेर पडतेय, घाबरून इन्सुलिन दिलंत तर सगळं वाया. पुढे ३५० आली तेव्हा त्याचा सूर बदलला, "ताई, मुलगी चोरून गोड खात असणार, नीट विचारा तिला." आणि मी विचारलं. ५ वर्षांच्या पोरीला समोर उभं करून विचारलं, खरं सांग काय खाल्लंस. ती रडत हो म्हणाली. तिने काहीही खाल्लं नव्हतं, मी रागावलेली बघून हो म्हणाली होती.

रात्रीचं इन्सुलिनही बंद करून चार दिवस झाले आणि तिला सर्दीताप आला. आजारपणात इन्सुलिन जास्त लागतं, मूल जेवत नसलं तरी ते पूर्ण बंद करायचं नसतं. सकाळी उलट्या, पोटात दुखतंय म्हणाली, दुपारपर्यंत श्वास खोल आणि जोरजोरात, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. मी त्याला फोन केला, तो म्हणाला पित्त आहे. नवऱ्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि आम्ही तशीच उचलून हॉस्पिटल गाठलं.

डीकेए, म्हणजे डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस होता. इन्सुलिन नाही म्हणून शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन साठतात आणि रक्त आम्लधर्मी होतं. आयसीयूत सलाईन आणि इन्सुलिन एकदम न देता हळूहळू देत होते, कारण लहान मुलांमध्ये मेंदूला सूज येण्याचा धोका असतो. दर तासाला शुगर, मधे मधे पोटॅशियम. डॉक्टर आमच्यावर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की १९२२ मध्ये टोरांटोत एका १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं, त्याच्या आधी या आजाराची मुलं जगत नव्हती, तुम्ही तिला त्या काळात नेऊन ठेवलं होतं. पुडे त्यांनी मागून घेतले. अशा "नैसर्गिक" पावडरींमध्ये डायबेटीसच्या गोळ्या लपवून मिसळल्याचं आधी सापडलेलं आहे म्हणाले.

त्या माणसाने नंबर ब्लॉक केला. पैसे गेले ते गेले, तक्रार केलीय, पावत्या आणि चॅट सगळं दिलंय.

पण जे भरून यायला सगळ्यात जास्त वेळ लागतोय ते वेगळंच आहे. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं विचारलं, "मी वाईट वागले म्हणून झालं का?" समुपदेशक बाईंनी सांगितलं की या वयाच्या मुलांना आजार ही शिक्षा वाटते, मुलं तसाच अर्थ लावतात, आणि आपण वर चौकशी केली की त्यांची खात्रीच होते. तेव्हापासून आम्ही घरात "शुगर वाईट आली" म्हणणं बंद केलं, आकडा जास्त किंवा कमी, एवढंच. दुखणार नाही असं खोटं सांगत नाही, टोचेल, मोजू या, झालं. कुठे टोचायचं ते ती ठरवते, मांडी, दंड, पोट की कुल्ला, पण टोचायचं की नाही हे तिला विचारत नाही. आधी बाहुलीला देते मग स्वतः घेते. आणि मी तिची माफी मागितली, अगदी समोर बसून, की तू काही खाल्लं नव्हतंस, आईचं चुकलं. तिने तीनदा परत विचारलं, "नक्की?"

तुमच्याकडे कोणी डोस कमी झाल्याचं श्रेय मागायला आलं तर तुमच्या डॉक्टरांना एकच विचारा, हा हनीमून आहे का. आणि कोणी डॉक्टरांपासून लपवायला सांगितलं तर तिथेच फोन ठेवा. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास दिसला की घरी थांबू नका, आणि शुगर २५० च्या वर टिकून राहिली की कीटोन तपासा, पट्ट्या घरात ठेवाच.

तो पहिला व्हिडिओ ज्या आईचा होता तिला मी नंतर शोधून काढलं. तिच्या मुलाचा हनीमून व्हिडिओनंतर दोन महिन्यांत संपला होता, तो केव्हाचा पूर्ण डोसवर आहे, तिने त्या माणसाला व्हिडिओ काढून टाक म्हणून कितीदा विनवलं, त्याने काढला नाही. आता आमचाही फिरत असेल. पिवळ्या फ्रॉकमधली मुलगी, दोन वेण्या, मागे निळा पडदा, आणि एक बाई सांगतेय की आमचं इन्सुलिन सुटत आलं. ती बाई मी आहे. माझी लेक आजही दिवसाला ४ इंजेक्शनं घेते.