अर्लीऊम आणि झेड-रॅम (मेमरी भरून मशीन अडकू नये म्हणून लिनक्सवरचे दोन उपाय), ४ जीबीच्या लॅपटॉपवर सहा महिने वापरून

खानापुरात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान हाय. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅम, त्यात लिनक्स घातलंय. एकावेळी फायरफॉक्सात उताऱ्याची साइट, रेशन कार्डाची साइट, व्हॉट्सअॅप वेब, बाजूला लिबरऑफिस आणि वरनं स्कॅनिंग, मग व्हायचं तेच व्हायचं, माऊस अडकायचा, हार्डडिस्कचा दिवा सारखा पेटलेला, दोन-तीन मिनिटं काही हलायचं नाही. गिऱ्हाइकाला मी सांगायचो 'सर्वर डाऊन हाय', कन्नड बोलणारा असला तर 'सर्वर इल्ला री'. सर्वर बिचारा ठणठणीत असायचा.

एकदा एक काका जमिनीचे जुने कागद घेऊन आले. ११ पानं रंगीत, ६०० डीपीआयला स्कॅन केली, सेव करायच्या आधीच मशीन अडकलं आणि स्कॅनची विंडोच गायब. काका म्हणाले, 'आत्तापतोर काय करूलालास मग?' काय सांगणार. नंतर हिशोब केला, ए-फोर पान ६०० डीपीआयला रंगीत म्हणजे मेमरीत साधारण १०० एमबी, अकरा पानांचं झालं १.१ जीबी. लिनक्सचा स्वतःचा ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की एखादा प्रोग्राम मारणारा भाग, लई उशिरा जागा होतो आणि जागा झाला की बहुतेक सगळ्यात जाड प्रोग्रामचाच गळा धरतो. बाजूला व्हॉट्सअॅपचा टॅब नुसताच बसून होता, तो गेला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

मग झेड-रॅम आणि अर्लीऊम टाकलं, दोन्ही फुकट, एकेका कमांडचं काम. झेड-रॅम म्हणजे रॅमचाच एक भाग स्वॅप (रॅम भरली की माल सारायची जादा जागा, एरवी डिस्कवर असते) म्हणून वापरायचा पण आत माल दाबून भरायचा, चादरी ट्रंकेत दाबून बसवतात तसं. मी निम्म्या रॅमएवढा ठेवलाय. ह्यानंच अर्ध्याहून जास्त फरक पडला, कारण मारायची पाळीच कमी येते. अर्लीऊम सेकंदाला दहा वेळापर्यंत मेमरी बघतं, मोकळी रॅम आणि मोकळा स्वॅप दोन्ही १० टक्क्यांखाली गेले की आधी प्रोग्रामला नीट बंद हो म्हणून सांगतं, ५ च्या खाली गेले की सरळ मारतं. म्हणजे मशीन गोठायच्या आधीच निकाल.

खरी मजा अर्लीऊमच्या दोन याद्यांची, प्रिफर म्हणजे आधी कुणाला मारायचं आणि अव्हॉइड म्हणजे शक्यतो कुणाला वाचवायचं. ज्या प्रोग्रामचे गुण जास्त तो आधी मरतो. प्रिफरमधल्या नावाला मरायचे ३०० गुण जास्त, अव्हॉइडमधल्याला ३०० कमी. मी शहाण्यासारखं अव्हॉइडमध्ये 'लिबरऑफिस' लिहिलं आणि महिनाभर निवांत बसलो, नंतर कळलं की त्या प्रोसेसचं खरं नाव 'एसऑफिस डॉट बिन' हाय, म्हणजे महिनाभर नियम हवेतच. नाव पण १५ अक्षरांपर्यंतच बघतं, त्यामुळं फायरफॉक्सचा टॅब तिथं 'आयसोलेटेड वेब को' असा अर्धवट दिसतो, प्रिफरमध्ये तसंच अर्धवट घालायचं. हे कुठं ठळक लिहून ठेवलं असतं तर बरं झालं असतं, एक स्टार त्याचा कापला. आणि अव्हॉइड म्हणजे अमरपट्टा नव्हे, दुसरं कुणी मारण्यासारखं नसलं तर अव्हॉइडमधला स्कॅन पण जाईल.

आता सहा महिन्यांत टॅब चार-पाच वेळा मेले, रिलोड मारलं की परत आले, फक्त अर्धा भरलेला फॉर्म असला तर परत भरायला लागतो. स्कॅन एकदा पण गेला नाही, पण खरं सांगायचं तर मी आता ३०० डीपीआयलाच करतो, पानाला २५-२६ एमबी, त्याचा पण हात हाय ह्यात. दाबादाबीला प्रोसेसर खर्च होतो, दुपारी दुकानात गर्दी असली की पंखा भुर्र करतो. ८ जीबीवाल्यांनी नुसता झेड-रॅम लावून बघा आधी. माझा रॅमचा दुसरा स्लॉट रिकामाच हाय, बेळगावला गेलो की जुनी डीडीआर-थ्री रॅम मिळते का बघणार, तोवर हेच चालूदे. ५ पैकी ४.