तोलुका विमानतळ : बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मंडळींसाठी

मेक्सिकोत गिऱ्हाईक असलेल्या आपल्या फाउंड्रीवाल्यांनी राजधानी मेक्सिको सिटीजवळच्या तोलुका शहरातून पुढचं विमान धरावं, असं माझं स्पष्ट मत आहे. परदेशातून येताना बहुधा मेक्सिको सिटीलाच उतरावं लागतं. पण गाड्यांचे काही कारखाने तोलुकाच्या पट्ट्यात आहेत. तिथून पुढे उत्तरेतल्या मोंतेरे शहरात जायचं, तर परत राजधानीच्या ट्रॅफिकमध्ये कशाला शिरायचं? कास्टिंगची बोलणी आटोपून मी कारखान्याच्या गेटवरून थेट विमानतळावर आलो. टर्मिनल आटोपशीर, सिक्युरिटीला रांग नाही.

धावपट्टी मात्र 4,200 मीटर! आपल्या सांबऱ्याची, म्हणजे बेळगाव विमानतळाची, 2,300. विमानतळ जवळजवळ 2,600 मीटर उंचीवर आहे. हवा विरळ, त्यामुळे इंजिनाचा जोर कमी पडतो, पंखांना उचलही कमी मिळते. मग विमानाला जास्त वेग घ्यावा लागतो. खिडकीतून बघत होतो. कडेचं वाळलेलं गवत मागे पळतंय, पळतंय, आणि चाकं काही जमीन सोडेनात. सुटली एकदाची, आणि नेवादो दे तोलुका दिसला. 4,680 मीटरचा ज्वालामुखी, माथ्यावर थोडं बर्फ. या एका उड्डाणासाठी मी तिथे पुन्हा जाईन.

या विमानतळाबद्दल मला जिव्हाळा वाटतो, त्याला कारण आहे. व्होलारिस या मेक्सिकन विमान कंपनीने 2006 मध्ये इथूनच सुरुवात केली. 2008 मध्ये वर्षाला 39 लाखांच्या आसपास प्रवासी होते. पुढे विमानं राजधानीच्या विमानतळाकडे गेली आणि एवढी धावपट्टी ओस पडली. 2018 मध्ये सांबऱ्याची विमानं हुबळीला गेली तेव्हा आपण काय सोसलं, ते बेळगावकरांना सांगायला नको. आपल्याला 2019 मध्ये छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेने हात दिला, तोलुकाला 2022 पासून विमानं परतू लागली. मोठ्या शेजाऱ्याकडे सगळं वळवायचं आणि धाकट्याला उपाशी ठेवायचं, हे तिथेही चूक आणि इथेही.

थंडीत पहाटेचं तिकीट काढू नका. धुकं दाट पडतं, विमान लटकतं. जानेवारीत पारा शून्याला टेकतो. बेळगावच्या थंडीचा स्वेटर तिथे पुरत नाही. जिना चढताना दम लागतो, बीपीवाल्यांनी सावकाश चालावं. शाकाहारी मंडळींनी घेवड्याची उसळ घेण्याआधी ‘मांतेका’ आहे का, ते विचारावं. म्हणजे डुकराची चरबी.