व्हिडिओ अडखळतो तेव्हा: डिकोडर बदलावा की फाइल?

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या छोट्या स्टुडिओत रामकुंडावरच्या आरतीच्या चित्रफितीला पार्श्वसंगीत देताना रीपर या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र सतत अडखळत होते. पहिला उपाय म्हणजे रीपरच्या सेटिंगमध्ये व्हीएलसीऐवजी एफएफएमपेग हा डिकोडर, म्हणजे व्हिडिओ फाइल उलगडून चित्र दाखवणारा घटक, निवडणे. हे काम दोन मिनिटांत होते आणि चित्र मुळीच उघडत नसेल तर आधी हेच करावे.

माझी पसंती मात्र फाइल बदलण्याला, म्हणजे ती दुसऱ्या स्वरूपात रूपांतरित करण्याला आहे. एच.२६४ या नेहमीच्या संकुचित व्हिडिओ स्वरूपातील बहुतेक फ्रेम शेजारच्या फ्रेमवर अवलंबून असतात, त्यामुळे घंटेचा टोल नेमक्या फ्रेमवर बसवण्यासाठी मागेपुढे सरकताना संगणकाला प्रत्येक वेळी आधीच्या कीफ्रेमपासून (स्वतःत पूर्ण असलेल्या फ्रेमपासून) चित्र उलगडावे लागते. प्रोरेस प्रॉक्सी या संपादनासाठीच्या स्वरूपात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. १०८० पी, सेकंदाला २५ फ्रेमच्या दहा मिनिटांना सुमारे २.८ जीबी जागा लागते, पण ती द्यावी. मोबाइलवरचे चित्रीकरण असेल तर रूपांतर करतानाच फ्रेमदर (सेकंदाला किती फ्रेम) स्थिर करून घ्यावा, कारण बदलत्या फ्रेमदरामुळे ध्वनी आणि चित्र हळूहळू एकमेकांपासून सरकत जातात आणि डिकोडर बदलून हा दोष सहसा जात नाही.