ह्युमन सर्व्हिसेसची दोन वर्षं की थेट एमएसडब्ल्यू? न्यू जर्सीतला हिशोब

गेल्या काही महिन्यांत तिघींनी हाच प्रश्न विचारलाय म्हणून एकदाच सगळं लिहून काढते, पुढच्या वेळी कुणी विचारलं की सरळ हेच पाठवीन. प्रश्न असा, की मुलं शाळेत जायला लागली, दिवस मोकळा आहे, कोडिंगचा कोर्स करायचा नाहीये, माणसांमध्ये राहून काम करायचंय, तर कम्युनिटी कॉलेजात ह्युमन सर्व्हिसेसची दोन वर्षांची असोसिएट डिग्री करावी की थेट एमएसडब्ल्यूला, म्हणजे सोशल वर्कच्या मास्टर्सला, अर्ज टाकावा. मी सांगलीची बीकॉम, आणि मी पहिला रस्ता धरला. आमच्या मंडळातल्या एकीने दुसरा धरला. दोघींचं बरं चाललंय, पण आज परत निवडायचं झालं तर मी अख्खी डिग्री केली नसती हे आधीच सांगून टाकते.

आपल्याकडे या नावाची डिग्री कुणाला माहीत नसते. सासूबाईंना मी 'समाजसेवेचा कोर्स' म्हणून सांगितलं तर त्यांना वाटलं मी फुकट काम करायला शिकतेय. अगदीच चूक नव्हतं ते, फील्डवर्कला पैसे मिळतच नाहीत. काम म्हणजे शेल्टर, व्यसनमुक्ती केंद्र, ग्रुप होम, म्हाताऱ्यांचं डे केअर अशा ठिकाणी माणसाला मदतीपर्यंत पोचवणं. फूड स्टॅम्पचा (सरकारी धान्यमदतीचा) फॉर्म, घरभाड्याची मदत, डॉक्टरची अपॉइंटमेंट, कोर्टाची तारीख, हे सगळं ज्याला एकट्याला जमत नाही त्याच्या बाजूला बसून करायचं. थेरपी नाही. थेरपी करायची स्वप्नं असतील तर हे वाक्य परत वाचा, कारण अर्ध्या बायका इथेच फसतात.

आता पैसे. कम्युनिटी कॉलेज स्वस्त हे खरंच आहे, २०२३-२४ ला देशभरातली सरासरी फी स्थानिक रहिवाशाला वर्षाला साधारण ४,००० डॉलर होती, आणि राज्याच्या चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत साधारण ११,००० च्या वर. असोसिएट म्हणजे ६० क्रेडिट, पूर्णवेळ केलं तर दोन वर्षं. एमएसडब्ल्यू पण बहुतेक ठिकाणी ६० च्या आसपासच क्रेडिट, पण तिथे एकेका क्रेडिटचा दर बघून माझा नवरा दोन मिनिटं गप्प बसला होता.

पण 'स्वस्त' मध्ये एक मेख आहे जी मला कुणी सांगितली नाही. ग्रीन कार्ड झालं म्हणून मी हौसेने फाफ्साचा, म्हणजे फेडरल मदतीचा, फॉर्म भरला, पेल ग्रँट ही परत न करायची सरकारी मदत मिळेल म्हणून. पेल फक्त पहिल्या बॅचलर डिग्रीपर्यंत मिळते आणि सांगलीची असली तरी डिग्री ती डिग्रीच. न्यू जर्सीत ६५,००० डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्यांना कम्युनिटी कॉलेजची फी माफ करणारी राज्याची ग्रँट आहे, ती पण आधी डिग्री असेल तर नाही. आणि एच४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून, असाल तर फाफ्साच्या वाटेला जाऊच नका, फेडरल मदत मिळत नाही. म्हणजे आपल्यासारख्या शिकून आलेल्या बायकांना ते चार हजार खिशातूनच घालावे लागतात. ज्यांची डिग्री राहिली, बारावीनंतर लग्न होऊन आल्या, आणि ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप आहे, त्यांच्यासाठी मात्र हाच रस्ता सोन्यासारखा आहे.

लायसन्सचा मुद्दा सगळ्यात मोठा, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. न्यू जर्सीत सोशल वर्कच्या तीन पायऱ्या आहेत. बीएसडब्ल्यूवर (सोशल वर्कची बॅचलर) सीएसडब्ल्यू, एमएसडब्ल्यू आणि परीक्षा दिल्यावर एलएसडब्ल्यू, आणि नंतर देखरेखीखाली बरेच तास काम करून एलसीएसडब्ल्यू, म्हणजे जे स्वतंत्र थेरपी करू शकतात ते. डिग्री सीएसडब्ल्यूई या संस्थेने मान्यता दिलेलीच लागते, आणि ती संस्था बॅचलर आणि मास्टर्सला मान्यता देते, असोसिएटला नाही. म्हणजे माझी दोन वर्षांची डिग्री यातल्या कुठल्याच पायरीवर बसत नाही. व्यसनमुक्ती समुपदेशकाचं सर्टिफिकेट, सीएडीसी, वेगळं आहे, त्याला बॅचलर लागत नाही, २७० तासांचं शिक्षण आणि ३,००० तासांचा अनुभव लागतो, आणि काही कम्युनिटी कॉलेजात ते कोर्स असतात. तुम्हाला त्याच क्षेत्रात जायचं असेल तर गणित एकदम बदलतं.

मग हिशोब असा. डिग्री अजिबात नाही: दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, दोन वर्षं बीएसडब्ल्यू, आणि बीएसडब्ल्यू असली की बऱ्याच ठिकाणी ॲडव्हान्स्ड स्टँडिंग, म्हणजे आधीच्या अभ्यासाची सूट, मिळून एमएसडब्ल्यू साधारण एका वर्षात होते, म्हणजे पाच. कुठलीही बॅचलर आहे, तर थेट एमएसडब्ल्यू पूर्णवेळ दोन वर्षं, पार्टटाइम तीन-चार. आता यात असोसिएटची दोन वर्षं टाकून बघा, एमएसडब्ल्यूचा एक दिवससुद्धा कमी होत नाही! मी हे सगळं करून झाल्यावर कागदावर मांडलं. हसू नका.

आपली तीन वर्षांची बीए-बीकॉम इथे बॅचलर धरतात का हे मात्र आधी तपासा. काही युनिव्हर्सिटी इव्हॅल्युएशन रिपोर्ट, म्हणजे आपली डिग्री इथल्या कशाच्या बरोबरीची ते सांगणारा कागद, बघून धरतात, काही चार वर्षंच मागतात. आणि कर्वे, निर्मला निकेतन, टिस असं कुठून सोशल वर्कची मास्टर्स करून आला असाल तर कुठल्याही कॉलेजचा फॉर्म भरायच्या आधी सीएसडब्ल्यूईकडूनच डिग्रीची तपासणी करून घ्या, परदेशी सोशल वर्क डिग्रीसाठी त्यांची सोय आहे. शेजारची एक पुण्याची एमएसडब्ल्यू ताई माझ्याबरोबर पहिल्या सेमिस्टरला बसली होती, इंट्रोडक्शन टू ह्युमन सर्व्हिसेसला! प्रोफेसरच तिला म्हणाले, तू इथे काय करतेयस.

एक अक्षराची गोष्ट पण लक्षात ठेवा. कम्युनिटी कॉलेजात एएस पण असते आणि एएएस पण. न्यू जर्सीत एए आणि एएसचे क्रेडिट सरकारी युनिव्हर्सिटीत सगळे ट्रान्सफर व्हावेत असा राज्याचा करार आहे, एएएस त्यात नाही. एएएस ही सरळ नोकरीला लागायची डिग्री. वेबसाइटवर दोन्हींची नावं सारखीच दिसतात, मला ॲडव्हायझरने आधी एएएसमध्येच टाकलं होतं, दुसऱ्या सेमिस्टरला माझ्या लक्षात आलं म्हणून वाचले, तरी एक कोर्स वाया गेलाच.

आता या रस्त्याचं चांगलं काय ते पण सांगते, नाहीतर वाटेल रडगाणंच गातेय. एक म्हणजे इंटरव्ह्यूइंगचा कोर्स. जोडीने बसायचं, एकाने अडचण सांगायची, दुसऱ्याने ऐकायचं, व्हिडिओ काढायचा आणि मग सगळ्यांसमोर बघायचा. पहिल्या व्हिडिओत मी चार मिनिटांत सहा सल्ले दिले होते. सहा. समोर १९ वर्षांचा मुलगा बिचारा, आणि मी 'अरे मग आईशी बोल ना' चालू. आपल्यात मदत म्हणजे सल्लाच असतो, तो न देता गप्प बसायला मला एक अख्खं सेमिस्टर लागलं. वर्गात सगळे असे, कुणी रात्रपाळी करून आलेलं, कुणी दारू सोडून पाच वर्षं झालेलं, पन्नाशीच्या दोन आज्या. मंडळातली एमएसडब्ल्यूवाली म्हणते तिच्या वर्गात वाचायचंच इतकं असतं की शेजारी कोण बसलंय ते डिसेंबरात कळलं.

दुसरं, बीकॉमवाल्यांकडे एमएसडब्ल्यूच्या अर्जाला लागणारं काहीच नसतं. शिफारसपत्र कोण देणार, बँकेतले साहेब? सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, स्टॅटिस्टिक्स यातलं काही राहिलेलं असतं. तर कम्युनिटी कॉलेजात तीन-चार कोर्स घ्या, दोन प्रोफेसरांशी नीट ओळख करा, पत्रं घ्या आणि निघा. डिग्री पुरी करायची सक्ती कुणी केलीय?

फील्डवर्क दोन्हीकडे आहे, प्रमाण वेगळं. ह्युमन सर्व्हिसेसच्या मान्यतेत असोसिएटला किमान २५० तास, सीएसडब्ल्यूईच्या मान्यतेत बीएसडब्ल्यूला ४००, एमएसडब्ल्यूला ९००. हे तास बहुतेक दिवसा, आठवड्याच्या मधल्या वारी असतात, मुलांच्या शाळेच्या बसशी हमखास भांडण. माझे फिंगरप्रिंटचे कागद जिथे जायचं होतं तिथे महिनाभर अडकले आणि अख्खं सेमिस्टर पुढे गेलं, तर टीबी टेस्ट आणि बॅकग्राउंड चेक आधीच सुरू करा. एच४ वर शिकता येतं, काम करता येत नाही, ईएडी (काम करायची परवानगी) असेल तर गोष्ट वेगळी. फील्डवर्कला स्टायपेंड देतो म्हणाले आणि ईएडी नसेल तर वकिलाला विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

पगार? सरकारी आकड्यांनुसार २०२३ ला ह्युमन सर्व्हिस असिस्टंटचा मधला पगार वर्षाला ४१,४१० डॉलर, सोशल वर्करचा ५८,३८०. देशाचा आकडा आहे, न्यू जर्सीचा खर्च तुम्हाला माहीतच आहे. भाषेचा फायदा होतो पण मराठीचा कमी, हिंदी आणि गुजरातीचा जास्त. मी ज्या ॲडल्ट डे केअरमध्ये आहे तिथे सकाळी व्हॅनमधून उतरणारे निम्म्याहून जास्त गुजराती, मराठी आज्या तीन, आणि त्या तिघी माझ्याच टेबलावर बसतात.

अजूनही ठरत नसेल तर फी भरायच्या आधी एक करा. न्यू जर्सीत घरगुती हिंसाचारातल्या बायकांना मदत करायला साधारण ४० तासांचं ट्रेनिंग असतं, ते घेऊन एखाद्या संस्थेत व्हॉलंटिअर व्हा. इथली मानवी ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करतेय, त्यांना फोन करून बघा. दोन-तीन महिने रात्रीचे फोन घेतले की हे काम आपल्याला झेपतं का ते कळतं. एकीला मी हेच सांगितलं होतं, तिने सहा आठवड्यांनी सोडलं आणि आता मजेत अकाउंटिंग करतेय, फी वाचली म्हणून मला श्रीखंड दिलं.