विश्वस्त संस्थांसाठीची सल्लासेवा: नाशिकमधील आमचा अनुभव

गंगापूर रोडवरील एका सल्लागाराकडे आमच्या वाचनालयाच्या न्यासाचे कागद घेऊन गेलो, तेव्हा केवळ दोन नव्या विश्वस्तांचा बदल अर्ज भरून घ्यावा एवढीच अपेक्षा होती. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 नुसार बदल घडल्यापासून 90 दिवसांत तो कळवावा लागतो. आमची मुदत उलटून गेली होती, आणि याआधीच्या सल्लागाराने हे कधी सांगितलेच नव्हते.

या बाईंनी अर्जाला हात लावण्याआधी इतिवृत्ताची वही मागितली, पानापानावर पेन्सिल फिरवली आणि निवडीच्या सभेला गणसंख्याच, म्हणजे सभा वैध ठरायला लागणारी किमान हजेरीच, नव्हती हे दाखवून दिले. मागच्या तारखेने सह्या घेण्याची आमची सूचना त्यांनी साफ नाकारली. रीतसर नोटीस काढून नव्याने सभा घ्यायला लावली. मला हे फार मोलाचे वाटते.

तळमजल्याचा गाळा एका विश्वस्तांच्या भाच्याला पाच वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याचे घाटत होते. बिगरशेती मिळकत तीन वर्षांहून अधिक मुदतीने द्यायची तर कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हे सांगून त्या म्हणाल्या, "परवानगी मिळेलही, पण त्या ठरावाच्या वेळी मामांनी बाहेर बसावं."

शुल्क लहान संस्थेला जड जाते, पावती मात्र मागावी लागत नाही. फोन क्वचितच उचलला जातो, त्यामुळे वेळ ठरवूनच जावे.