रबरी बोटीला मोठं इंजिन घ्यायचं: 6, 8 की 9.8 एचपी?

पावणेतीन ते तीन मीटरची हवेची रबरी बोट आणि तिच्यामागे अडीच किंवा साडेतीन एचपीचं छोटं आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं इंजिन. एकटा माणूस असेल आणि वारा पडलेला असेल, तर जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर किंवा वाघूर धरणाच्या पाण्यावर ही जोडी मजेत चालते. दोघं बसले, दुर्बिणी-कॅमेऱ्यांच्या पिशव्या आल्या, दुपारचा पश्चिमेचा वारा समोरून सुटला किंवा चांगदेवच्या संगमाकडे पाण्याला ओढ असली, की इंजिन पूर्ण आवळूनही काठ जवळ येत नाही. अशा वेळी मोठं इंजिन घ्यायचा विचार येणारच. पण पहिला प्रश्न एचपीचा नाही. आधी बोटीवरची पाटी वाचायची, मग वजन मांडायचं, आणि एचपी सगळ्यात शेवटी ठरवायचे.

पाटी काय सांगते

बोटीच्या मागच्या फळीवर किंवा ट्यूबवर कंपनीची पाटी असते. त्यावर जास्तीत जास्त एचपी, माणसं आणि एकूण किलो लिहिलेले असतात. हवेचा तळ असलेल्या पावणेतीन मीटरच्या बोटीवर साधारण 6 एचपीच्या आसपासचा आकडा सापडतो. अ‍ॅल्युमिनियमच्या फळ्यांचा तळ असलेली तीन मीटरची बोट 10 ते 15 पर्यंत घेते. हा आकडा ओलांडायचा नाही. हलक्या बोटीत एकटा माणूस मागे बसला आणि त्याने मोठ्या इंजिनाचा दांडा एकदम पिळला, तर नाक उभं होतं, खालून वारा शिरतो आणि बोट पाठीमागे उलटते. पाटी 6 ची असेल आणि गरज 10 ची, तर बदलायची आहे ती बोट.

पाण्यात रुतून चालणं आणि पाण्यावर येणं

एवढ्याशा बोटीचा पाण्यातला भाग अडीच मीटर धरला, तर ती पाणी ढकलत साधारण ताशी 7 किलोमीटरपर्यंतच जाते. ही मर्यादा बोटीच्या लांबीने ठरते. तिथून पुढे ताकद वाढवली की बोट आपल्याच लाटेवर चढायला बघते, शेपूट खाली बसतं आणि पेट्रोल दुप्पट जातं. वेग मात्र एक-दोन किलोमीटरनेच वाढतो. ओढ ताशी 4 ची असेल, तर काठाच्या हिशेबाने हातात 3 उरतात.

खरा फरक पडतो तो बोट उचलली जाऊन पाण्याच्या पृष्ठावर सरकू लागली की. त्यासाठीचा ठोकताळा असा: एकूण वजन भागिले एचपी, उत्तर 25 किलोच्या आत हवं. एकूण वजनात बोट, इंजिन, टाकी, माणसं, सामान सगळं आलं. बोट 35, इंजिन 26, माणूस 75, इंधन आणि सामान 10, म्हणजे 146 किलो. भागिले 6 केलं की 24 येतात, बोट उचलते. त्यात 70 किलोचा दुसरा माणूस बसवला की उत्तर 36 वर जातं आणि बोट उचलत नाही. दोघांसाठी थोडी मोठी 45 किलोची बोट, 37 किलोचं 9.8 चं इंजिन, 145 किलोची माणसं आणि 15 किलो सामान धरलं, तर 242 भागिले 9.8, उत्तर पुन्हा 25 च्या आत.

यात खान्देशाच्या उन्हाचा वाटा वेगळा काढावा लागतो. इंजिनाची ताकद 25 अंशांच्या हवेवर मोजलेली असते. भुसावळच्या 45 अंशांत हवा विरळ होते आणि पाच-सहा टक्के ताकद जाते. गणित 25 च्या काठावर बसत असेल, तर मे महिन्याच्या दुपारी बोट उचलणार नाही, हे धरूनच चाला.

कोणतं इंजिन काय देतं

2.5 ते 3.5 एचपीची इंजिनं 14 ते 19 किलोंची असतात. टाकी आतच, जेमतेम लिटरची. रिव्हर्स गिअर नसतो, अख्खं इंजिन फिरवून मागे यावं लागतं. एकटा माणूस, शांत पाणी आणि तास-दोन तासांची फेरी असेल, तर बदलायचं काही कारण नाही.

4, 5 आणि 6 एचपी ही बहुतेक कंपन्यांत एकाच इंजिनाची तीन रूपं असतात. तोहात्सू आणि मर्क्युरीत 123 सीसी, सुझुकीत 138, यामाहात 139, सगळी एक सिलिंडरची, वजन 24 ते 27 किलो. 4 चं घेतलं म्हणून उचलायला हलकं पडत नाही. या गटात यायचंच तर सरळ 6 घ्या. पुढे-न्यूट्रल-मागे असे तिन्ही गिअर मिळतात. आतली टाकी सव्वा-दीड लिटरची असते आणि बहुतेक मॉडेलना बाहेरची टाकीही जोडता येते. एकटा माणूस असेल तर ताशी 18 ते 20 किलोमीटर सहज मिळतात.

8 आणि 9.8 हा दोन सिलिंडरचा गट, 209 सीसीच्या आसपास, 37 ते 40 किलो. इथेही 8 आणि 9.8 चं वजन जवळपास सारखंच, म्हणून पाटी परवानगी देत असेल तर 9.8. एकट्याला ताशी 27-28, दोघांना 22 च्या आसपास. आवाज आणि थरथर एक सिलिंडरच्या मानाने बरीच कमी. या गटात फसगत होते ती एका दशांशाने. तोहात्सूचं 9.8 हे 209 सीसीचं, 37 किलोंचं. त्याच कंपनीचं 9.9 मात्र 333 सीसीचं, 43 किलोंचं, म्हणजे 15 आणि 20 एचपीच्याच सांगाड्याचं. कोटेशनवर नुसता एचपी बघू नका, सीसी आणि किलो लिहून घ्या.

15 एचपी 43 ते 52 किलोंमध्ये येतं. साडेतीन मीटरच्या कडक तळाच्या बोटीला ते शोभतं, तीन मीटरच्या घडीच्या बोटीला नाही. पुराच्या बचावकार्यातल्या बोटी आणि त्यांची 25-40 एचपीची इंजिनं हा वेगळाच वर्ग आहे, त्यांच्याशी आपली तुलना करू नये.

आतापर्यंतची वजनं फोर-स्ट्रोकची; आता टू-स्ट्रोक. यामाहाचं एन्ड्युरो 8 एचपी 165 सीसीचं आणि 27 किलोंचं आहे. म्हणजे वजन फोर-स्ट्रोक 6 चं आणि ताकद 8 ची. रचना साधी, बाइकचं काम करणाऱ्या मेकॅनिकलाही ते खोलता येतं. वाहत्या नदीवर मासेमारीला हा सौदा वाईट नाही. पण जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटर टू-स्ट्रोकमधून पाव हिश्श्याच्या आसपास पेट्रोल न जळताच, तेलासकट, पाण्यात जातं. वाघूर जळगाव शहराला पाणी पाजतं, हतनूरवर भुसावळचा परिसर अवलंबून आहे. पिण्याच्या पाण्यावर हे इंजिन नेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. हिवाळ्यात हतनूरला उतरणाऱ्या बदकांच्या थव्याजवळ जायचं असेल, तर त्याचा आवाजही कामाचा नाही.

तिथे उलट बॅटरीचं इंजिन बघा. टॉर्कीडो आणि ई-प्रोपल्शनची 1 किलोवॉटच्या वर्गातली इंजिनं बॅटरीसकट 17 ते 20 किलोंची असतात, जोर साधारण 3 एचपीसारखा. पूर्ण वेगाला तास-सव्वा तास आणि निम्म्या वेगाला त्याच्या कितीतरी पट चालतात. बोट उचलत नाहीत. उन्हात तापलेल्या जीपमधून काढलेली लिथियम बॅटरी लगेच चार्जिंगला लावली, तर 45 अंशांच्या वर बहुतेक बॅटऱ्या चार्ज घेतच नाहीत. आधी सावलीत निवू द्या.

चिखल, वजन आणि पाठ

एप्रिल-मेमध्ये पाणी मागे सरकतं आणि गाडीपासून पाण्यापर्यंत भेगाळलेल्या गाळाचा लांब पट्टा उघडा पडतो. कागदावर 26 आणि 37 किलोंत अकराचाच फरक आहे. त्या गाळावर 26 किलो एकटा खांद्यावर नेतो आणि 37 ला दुसरा माणूस लागतो. नेहमी एकटे जाणार असाल, तर 9.8 चा मोह टाळा किंवा बोटीच्या फळीला उतरवणीची चाकं बसवून घ्या. जीपमध्ये फोर-स्ट्रोक आडवं ठेवायचं तर बॉडीवर बाण काढलेल्या बाजूवरच ठेवा. दुसऱ्या कुशीवर ठेवलं की क्रँककेसमधलं तेल सिलिंडरमध्ये उतरतं आणि काठावर दोरी ओढून हात दुखतात.

फळी आणि ऊन

मोठं इंजिन सगळा जोर मागच्या फळीवर आणि फळी ट्यूबला जिथे चिकटवली आहे त्या जोडावर टाकतं. नेमका हाच जोड उन्हाने मरतो. पीव्हीसीच्या बोटीत चिकटवलेले सांधे असतील तर तापून गोंद मऊ पडतो, वेल्ड केलेले सांधे टिकतात. हायपॅलॉन हे कृत्रिम रबराचं कापड महाग असतं, पण आपल्या उन्हाला तेच खरं. सकाळी 25 अंशांत 0.25 बार हवा भरलेली ट्यूब काठावर उन्हात 60 अंशांपर्यंत तापली, तर आतला दाब 0.4 बारच्या जवळ जातो. म्हणून काठावर थांबताना थोडी हवा सोडा आणि पाण्यात उतरल्यावर पुन्हा भरा. थंड पाण्यावर ट्यूब सैल पडली की फळी मागे झुकते आणि पंख्याचा (प्रोपेलरचा) कोन बिघडतो.

नवीन इंजिन ठरवण्याआधी जुनं लावून त्याचं डोकं हाताने पुढे-मागे हलवा. फळी ट्यूबपासून वेगळी हलताना दिसली, किंवा साबणाचं पाणी लावल्यावर जोडाशी बुडबुडे आले, तर आधी ती दुरुस्ती.

मापं आणि पंखा

शाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या खाली पाण्यात उतरणाऱ्या भागाची, लांबी बोट पूर्ण फुगवून मोजा: फळीच्या वरच्या कडेपासून तळापर्यंत. 38 सेंटीमीटरच्या आसपास आलं तर शॉर्ट शाफ्ट, म्हणजे 15 इंची. 51 च्या आसपास आलं तर लाँग, 20 इंची. पंख्यावरची आडवी प्लेट तळाच्या रेषेत किंवा त्याखाली अडीच सेंटीमीटरपर्यंत असावी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि बोट थांबते. फार खाली गेली तर पाणी उडून बोटीत येतं. तीन-चार सेंटीमीटरचा फरक फळीवर लाकडी पट्टी ठोकून निघतो.

कंपनीने दिलेला पंखा बहुधा सर्वसाधारण वजनासाठी असतो. स्पार्क प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा आरपीएम मीटर घ्या. नेहमीचं वजन टाकून पूर्ण आवळल्यावर आकडा पुस्तकातल्या पट्ट्याच्या वरच्या निम्म्यात यायला हवा. 9.8 मध्ये हा पट्टा 5000 ते 6000 चा असतो. 4700 वरच अडकलं तर एक इंच कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी पुढे सरकणारा) पंखा लावा, साधारण दोनशे आरपीएम वाढतात.

पेट्रोल

फोर-स्ट्रोक पूर्ण वेगाला दर एचपीमागे तासाला 0.35 ते 0.4 लिटर पितं. 6 ला सव्वादोन, 9.8 ला साडेतीन-पावणेचार लिटर. कार्ब्युरेटर टू-स्ट्रोकला याच्या दीडपट धरा. नर्मदेच्या बॅकवॉटरवर, धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला, काठ उभे आहेत आणि पंप जवळ नाही. तिथे 12 लिटरची बाहेरची टाकी हवीच, आणि जायला एक वाटा, यायला एक, हाताशी एक, असं भरून निघायचं. ही टाकी नाकाकडे ठेवली तर बोट लवकर उचलते. त्यासाठी तीन मीटरची नळी घ्या.

पंपावर मिळतं ते पेट्रोल आता 20 टक्के इथेनॉलचं आहे आणि कित्येक आउटबोर्डच्या पुस्तकात मर्यादा 10 टक्क्यांची लिहिलेली असते. घेताना विक्रेत्याकडून हे लेखी घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे टाकीत महिनाभर पेट्रोल ठेवू नका. घरी परतताना नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग कार्ब्युरेटरचा खालचा स्क्रू सोडून उरलेलं काढा. चालू न होणाऱ्या छोट्या इंजिनांत बहुतेकदा जेट चिकटलेला निघतो.

जुनं घेत असाल तर

चालू करून मागच्या छिद्रातून पाण्याची धार बघा. धार मंद असेल तर इम्पेलर, म्हणजे थंडाव्याचं पाणी ओढणारं रबरी चाक, गेलाय किंवा पाण्याचा रस्ता गाळाने भरलाय. आपल्या गढूळ पाण्यात इम्पेलर वर्षाला बदलावाच. खालच्या गिअरचं तेल थोडं काढा. दुधासारखं पांढरट आलं तर पंख्यामागचं सील फाटून पाणी शिरलंय. जाळ्याची नायलॉन दोरी पंख्याच्या शाफ्टला गुंडाळली की हेच होतं. पंखा काढून तिथे अडकलेले धागे बघायला विसरू नका. किल स्विचची (इंजिन तातडीने बंद करायच्या बटणाची) लाल दोरी ओढल्याबरोबर इंजिन बंद झालं पाहिजे.

नव्या इंजिनाला पहिले 10 तास जपून चालवा, 20 तासांनी तेल बदला, पुढे दर 100 तासांनी. सुटे भाग बहुधा मुंबई किंवा सुरतेहून मागवावे लागतात. इंजिनाबरोबरच दोन इम्पेलर, दोन प्लग, पंखा अडकला की आधी तुटणारी शिअर पिन आणि स्प्लिट पिन, सुरू करायची दोरी, गिअर ऑइल आणि त्याच्या स्क्रूचे वॉशर घेऊन ठेवा. पैसे भरण्याआधी धरणावर मोटरबोट चालवायची परवानगी जलसंपदा विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणी लागते का, हेही तिथेच विचारा. काही ठिकाणी फक्त वल्ह्याच्या किंवा बॅटरीच्या बोटीलाच होकार मिळू शकतो.